कागद नेसलेली गोळी

डॉक्टर पेशंटला तोंड उघडायला सांगत आणि मग स्वतः बोलायला लागत. दंतवैद्यकाचा मुख्य फायदा हाच, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. "वकिलासमोर दुसरा वकील असतो. प्राध्यापकाला पोरं उलट विचारतात. माझ्यासमोरचा माणूस फक्त 'आ' म्हणतो. असा श्रोता महाराष्ट्रातल्या कुठल्या वक्त्याला मिळालाय, सांगा."

मी "आ" म्हणालो.

त्यांचा दवाखाना बर दुबईत, अल मनखूलमधल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता. खाली एका मल्याळी माणसाचा कॅफेटेरिया. जिना अर्धा चढेपर्यंत पराठ्याचा वास यायचा आणि पुढे लवंगेच्या तेलाचा. दोन्ही वास जिथे भेटत त्या पायरीवर पेशंट हमखास थबकत, आणि काहीजण तिथूनच पराठा खायला परत फिरत. मी दोन गल्ल्या सोडून कागद विकणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होतो. नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि माझी खालची उजवी दाढ जुन्याच शतकात राहायचं म्हणत होती. रूट कॅनाल करावं लागेल, असं निदान झालं. दुसऱ्या कुणीही ते दोन-तीन बैठकांत उरकलं असतं. डॉक्टरांनी ते अख्ख्या हिवाळ्यावर पसरवलं, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "करता काय?" आणि मी म्हणालो, "पेपर ट्रेडिंग."

ड्रिल थांबलं.

"सुती कागद ठेवता? अस्सल सुती. पातळ. ओला करून ओढला तर ताणला पाहिजे, फाटता कामा नये."

"आ," मी म्हणालो.

"घाई नाही. विचार करून सांगा," असं म्हणून त्यांनी ड्रिल पुन्हा सुरू केलं. त्या दिवसापासून माझं नाव 'कागदवाले' पडलं.

डॉक्टर मूळचे मिरजेचे. बुटके, गोल, पंचावन्नच्या आसपासचे. उन्हाळ्यातही टाय लावत आणि तो कायम एका बाजूला कललेला असे. दवाखान्याच्या भिंतीवर पदवीच्या शेजारी कॉलेजच्या दिवसांतलं एन.सी.सी.चं नेमबाजीचं पदक टांगलेलं होतं. पदक लहान होतं, चौकट मोठी होती. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, दाढा राहत. खाडी ओलांडताना अब्रा नावाच्या होडीत समोर बसलेल्या एका भल्या गृहस्थाने हसून नमस्कार केला, तर हे मला कोपराने ढोसून म्हणाले, "वरची डावी सहावी. फार त्रास दिला हो तिने." तो गृहस्थ एका मोठ्या बँकेचा मॅनेजर होता हे मला नंतर कळलं. डॉक्टरांना ते तेव्हाही ठाऊक नव्हतं.

आणि कागद. हातात आलेला कोणताही कागद ते आधी चिमटीत धरून चोळत, मग उजेडासमोर धरत, आणि सगळ्यात शेवटी जिभेच्या टोकाने त्याचा कोपरा ओला करून ओढून पाहत. मजकूर वाचायची त्यांना घाई नसे. शारजाच्या एका हॉलमध्ये लग्नाला गेलो असता त्यांनी दारातच, वधुपित्याच्या देखत, आमंत्रणपत्रिका चाटली. "लाकडाचा लगदा," ते दुःखाने म्हणाले. वधुपित्याने घाईघाईने आम्हाला जेवणाकडे पिटाळलं. त्यांना वाटलं, माणूस फार भुकेला आहे.

हे सगळं एका बंदुकीसाठी चाललं होतं.

त्याचं असं झालं. रास अल खैमाच्याही पलीकडच्या डोंगरातला एक म्हातारा अरब कवळी बसवायला डॉक्टरांकडे आला होता. बरोबर मुलगा. मुलगा कुठल्याशा सरकारी खात्यात मोठा अधिकारी. अंगातला पायघोळ कंदुरा इतका पांढरा आणि इस्त्रीचा की तो बसला की खुर्ची मळकी वाटायची. दोन मोबाइल, आणि दोन्हींवर एकाच वेळी बोलायची सवय. म्हाताऱ्याला गल्फची हिंदी येत होती, म्हणजे निम्मी हिंदी, निम्मी अरबी आणि उरलेले हातवारे. कवळी बसल्यावर त्याने ती डॉक्टरांच्याच बोटावर चावून तपासली. डॉक्टर ओरडले. म्हातारा खूश झाला.

"हकीम," तो म्हणाला, "दाँत खलास, तुम नया दिया. ज़ैन. अब मेरा बंदूक. बंदूक मौजूद, गोली मा फी." 'ज़ैन' म्हणजे छान, 'फी' म्हणजे आहे आणि 'मा फी' म्हणजे नाही. गल्फमध्ये उतरल्यावर माणूस हा शेवटचा शब्द पहिल्या तासात शिकतो.

बंदूक त्याच्या वडिलांची होती. जुनी ब्रिटिश लष्करी मार्टिनी. पुरुषभर लांब, एका वेळी एकच गोळी, आणि खालची पितळी कडी ओढली की वरचा ठोकळा दार उघडल्यासारखा खाली पडायचा. गोरे सोडून गेले, बंदूक डोंगरात राहिली. तिच्या गोळ्या बनवणारे कारखाने कधीच बंद पडले होते. काडतुसांच्या पितळी पुंगळ्या म्हाताऱ्याकडे डबाभर होत्या, पण रिकाम्या.

मुलाला ती बंदूक नव्या हेरिटेज प्रदर्शनाला द्यायची होती. काचेची पेटी ठरली होती, पेटीवरची पाटी ठरली होती, फीत कापायला येणारे पाहुणे ठरले होते. अट एकच होती, बंदुकीची नळी आतून वेल्डिंग करून कायमची बुजवायची. "सेफ्टी," मुलगा म्हणाला.

"मेरा बाप का मुँह बंद करेगा?" म्हातारा म्हणाला.

बापलेकांत महिनाभर अबोला झाला आणि शेवटी तह झाला. प्रदर्शनाच्या उद्घाटनाआधीच्या शुक्रवारी शूटिंग क्लबच्या मैदानावर बंदूक उडवायची. समोर लोखंडी पाटी. पाटी वाजली, तर बंदूक घरात राहील. नाही वाजली, तर काचेत जाईल आणि म्हातारा पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. त्याच्या हिशेबात निशाण लावणारी बंदूक हे घरातलं माणूस होतं, आणि न लावणारी म्हणजे नुसतं लोखंड.

"अहो, साधी क्राऊनची केस आहे," डॉक्टर मला म्हणाले. मी अर्थातच तोंड उघडून पडलो होतो. "साचा करायचा, धातू ओतायचा, फिटिंग बघायचं. आयुष्यभर दुसरं काय केलं मी?"

क्लबाची परवानगी, म्हाताऱ्याचा परवाना, सगळं रीतसर होतं. बारूद क्लबातच, सुभेदारसाहेबांच्या कुलपात राहायची आणि पुंगळ्या तिथेच, त्यांच्या देखत भरल्या जायच्या. हे सुभेदारसाहेब क्लबाचं मैदान सांभाळायचे; पाकिस्तानी फौजेतून निवृत्त झालेले. मेण लावलेल्या मिशा, आणि चाळीस डिग्रीत बिल्ल्याचा ब्लेझर. ते आणि डॉक्टर एकमेकांशी इतक्या अदबीने बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन्ही देशांत आता युद्ध अटळ आहे.

डॉक्टरांच्या वाट्याला आली ती फक्त गोळी. शिसं आणि कागद.

शिसं त्यांच्याकडे होतं. दाढेच्या एक्स-रेची जी चिमुकली पाकिटं असतात, त्यांच्या आत शिशाचा एक पातळ पत्रा असतो. दुसरे डॉक्टर तो टाकून देत. आमचे डॉक्टर वर्षानुवर्षं बरण्यांत साठवत आले होते; का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आता माहीत झालं. माझ्या एका दाढेचे त्या हिवाळ्यात जितके एक्स-रे निघाले तितके दाढेच्या भल्यासाठी होते की बंदुकीच्या, ही शंका मी एकदा बोलून दाखवली. "दोन्हींच्या," डॉक्टर म्हणाले. एका गोळीत बर दुबईतल्या निदान वीस-पंचवीस माणसांची दाढदुखी वितळलेली असायची.

वितळवण्याचा पहिला प्रयोग दवाखान्यातल्याच भट्टीत झाला आणि शेवटचाही तोच ठरला. झुबेदा सिस्टर दापोलीकडच्या. पंधरा वर्षं डॉक्टरांना सांभाळत आल्या होत्या. त्या कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"काय वो डॉक्टर, दवाखाना चालवताय की लोहाराची भट्टी? बाहेर बाई बाळाला घेऊन बसलीय. हा धूर इथे पुन्हा दिसला ना, मी चालले दापोलीला."

"सिस्टर, हे ऐतिहासिक काम आहे."

"मग वर गच्चीत करा. इतिहासाला वारा लागू दे जरा."

डॉक्टर गच्चीत गेले. पुढचे कित्येक शुक्रवार पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना यांच्यामधे, तोंडाला मास्क, हातात चामडी मोजे आणि गळ्यात टाय अशा थाटात ते शिसं ओतत उभे असत. खालच्या कॅफेटेरियावाल्याने मला एकदा हळूच विचारलं, "डॉक्टर वर पूजा करतात का?"

गोळी तयार झाली की तिला कागद नेसवायचा. हा शब्द डॉक्टरांचाच. नुसती शिशाची गोळी नळीतून गेली तर मऊ शिसं आतल्या वळणदार खाचांना चिकटून बसतं आणि नळी खराब होते. म्हणून जुन्या काळी गोळीभोवती कागदाचे दोन फेरे घेत. कागद तिरका कापायचा, भिजवायचा, ताणून गुंडाळायचा. दुसऱ्या फेऱ्याचं टोक पहिल्याच्या टोकाला नेमकं भिडलं पाहिजे. केसाएवढी फट नको आणि केसाएवढा पदर एकावर एक नको. वाळला की तो आवळून बसतो. खाली उरलेली शेपटी पिळून तळाशी दडपायची.

"नऊवारी आहे हो ही," डॉक्टर म्हणायचे. चिमट्याने गोळी धरून, भिंग डोळ्याला लावून, श्वास रोखून ते एकेक गोळी नेसवत. माझ्या तोंडात कापूस घालून, शेजारच्या ट्रेवर.

"स्वतःचा टाय सरळ बांधता येत नाही, आणि गोळीला नऊवारी," सिस्टर म्हणाल्या.

पहिल्या चाचणीला मीही गेलो. सुट्टीची सकाळ, क्लबाचं मैदान, पलीकडे वाळूचा उंच बांध. सुभेदारसाहेबांनी बंदूक वाळूच्या पोत्यांवर टेकवून स्वतः चाप ओढला. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. पांढऱ्या धुराचा ढग उठला, त्यात सुभेदारसाहेब मिशांसकट नाहीसे झाले, आणि तो विरल्यावर दुर्बिणीतून पाहू लागले. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"डॉक्टरसाहब," ते अतिशय अदबीने म्हणाले, "आपकी गोली लेटकर गई है. थक गई होगी."

पुठ्ठ्याच्या निशाणावर, कडेला, आडव्या गोळीच्या आकाराचं एक लांबट भोक होतं. गोळी कोलांट्या खात गेली होती. दुसरी शेजारच्या निशाणावर लागली, तीही आडवी. तिसरी कुठे गेली ते अजून कुणाला ठाऊक नाही.

मैदान बंद झाल्यावर डॉक्टर दात तपासायची सळई घेऊन बांधाकडे चालत गेले आणि भर उन्हात गुडघे टेकून वाळू उकरू लागले. बऱ्याच वेळाने एक गोळी सापडली. तिच्या अंगावर कागद जसाच्या तसा होता. खरं म्हणजे नळीतून बाहेर पडता पडता तो फाटून, सुटून गळून पडायला हवा होता. गोळीने पुढे उघड्या अंगाने जायचं असतं.

"कागद चिकटवलात कशाने?" मी विचारलं.

"कशाने म्हणजे? क्राऊनच्या सिमेंटने."

मी नखाने कागदाची कड उचकटून पाहिली. ती हलली नाही.

"अहो, उत्तम सिमेंट आहे! तीस वर्षांत मी बसवलेला एकही क्राऊन पडला नाही!"

"तेच तर झालं," मी म्हणालो.

ते वाळूत बसून राहिले. जे बसवायचं ते सुटता कामा नये, या एकाच तत्त्वावर या माणसाने आयुष्य काढलं होतं. आता त्यांना अशी वस्तू बसवायची होती की ती अगदी घट्ट बसावी आणि बरोबर वेळेला स्वतःहून पडावी. "माझ्या कॉलेजात हे शिकवलंच नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खालावला होता की सुभेदारसाहेबांनी ब्लेझरच्या खिशातून रुमाल काढून त्यांच्यापुढे धरला. त्या दिवशी दोन्ही देशांत थोडा वेळ शांतता नांदली.

सिमेंट बंद झालं आणि माझं काम वाढलं. डिंकाशिवाय, नुसता वाळून आवळणारा कागद हवा होता. मी आमच्या गोदामातून जे मिळेल ते नेत होतो. एअरमेलचा कागद भिजला की विरघळायचा. ट्रेसिंग पेपर ताणायला तयार नसायचा. बटर पेपरची गोष्टच काढू नये. डॉक्टर प्रत्येक नमुना चाटून बघत आणि माझ्याकडे असं पाहत, जणू लाकडापासून कागद बनवण्याची कल्पना मीच मानवजातीला दिली होती. ठरलेला शुक्रवार जवळ येत चालला. म्हातारा दर आठवड्याला डोंगरातून फोन करायचा. एकच प्रश्न: "हकीम, गोली फी?" आणि डॉक्टर म्हणायचे, "इन्शाल्ला." हे उत्तर ज्याला अरबस्तानात मिळतं तो मनातून खचतो, मग तो स्वतः अरब का असेना.

याच सुमारास आमच्या मराठी मंडळाने डॉक्टरांचा सत्कार करायचं ठरवलं. कारण खरं होतं. डॉक्टर दर महिन्याला एक शुक्रवार लेबर कॅम्पात जाऊन पत्र्याच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, लोकांचे दात काढत आणि भरत. तिथे मात्र ते बोलत नसत. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "त्यांना दिवसभर सगळे ऐकवतच असतात."

अशा माणसाला मंडळाने मानपत्र द्यावं हे योग्यच. फक्त मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. अध्यक्षांनी बजावलं, "जरा भारदस्त होऊ द्या." अध्यक्षांना भारदस्तपणाची फार आवड, ते चहासुद्धा अध्यक्षस्थानावरून पीत. मी 'दंतविश्वाचे दीपस्तंभ' लिहिलं, 'मरुभूमीत हास्याची उद्यानं फुलवणारे' लिहिलं, आणि ही वाक्यं मी पूर्ण शुद्धीत असताना लिहिली. कागदही माझाच. पुण्याकडच्या हातकागद बनवणाऱ्या एका कारागिराने कंपनीला नमुना म्हणून एक मोठा ताव पाठवला होता. पातळ, मऊ, कडा न कापलेला. गुंडाळून चांदीच्या मुलाम्याच्या नळीत घालायला जाड कागद चालत नाही, म्हणून मी तो दिला. इतके दिवस तो माझ्या टेबलाच्या खणात पडून होता आणि माझ्या डोक्यात एकदाही प्रकाश पडला नाही. माझ्या लेखी तो 'मानपत्राचा कागद' होता.

एका शाळेच्या सभागृहात समारंभ झाला. समई पेटली, शाल पडली, अध्यक्षांनी मानपत्र संथ लयीत वाचलं आणि डॉक्टरांच्या हातात दिलं. डॉक्टरांचा अंगठा सवयीने कोपऱ्यावर फिरला. थांबला. पुन्हा फिरला. त्यांनी मानपत्र स्टेजवरच्या दिव्यासमोर धरलं. मग दीडशे माणसांच्या साक्षीने त्यांनी ते चाटलं.

"कागदवाले!" माइक समोरच होता. "हा आधी का नाही दाखवलात हो?"

त्यांचे डोळे भरून आले होते. लोकांना वाटलं, सत्काराने भरले. टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी स्केलपेलने मानपत्राचे तिरके तुकडे झाले. डिंक नाही, सिमेंट नाही. कागद भिजला, ताणला, वाळला आणि गोळीला अंगच्या कातडीसारखा बसला. क्लबात चाचणी झाली. धूर विरल्यावर सुभेदारसाहेबांनी दुर्बीण खाली ठेवली आणि मिशीला पीळ दिला. "गोल," ते म्हणाले. "मुबारक हो. गोल छेद है." नळीसमोर वाळूवर कागदाचा चुरा पडला होता. डॉक्टरांनी त्यातला एक कपटा उचलून मला दिला. त्यावर 'उद्या' एवढीच अक्षरं होती. बाकीची उद्यानं फुलली होती.

चाचण्यांत बराचसा कागद संपला. पुण्याहून दुसरा ताव यायला महिने लागले असते. शेवटच्या शुक्रवारसाठी तीन गोळ्यांपुरता तुकडा उरला, तोही तळाचा, सही-शिक्क्याचा.

आणि नेमके तेव्हाच अध्यक्ष दवाखान्यात आले. दात साफ करून घ्यायचे होते, आणि वार्षिक स्मरणिकेत छापायला मानपत्राचा फोटो हवा होता. मी बाहेर माझ्या नंबराची वाट पाहत होतो. दार उघडंच होतं.

"मोठा आ करा," डॉक्टर म्हणाले. "अजून मोठा. हं. मानपत्राचं विचारत होतात ना? ते उडालं."

"आ?"

"वाऱ्याने नाही हो. बंदुकीने. हलू नका, हिरडीला लागेल. फार गुणी कागद निघाला. तुमची सही असलेला भाग आहे अजून शिल्लक."

"आं!" अध्यक्षांच्या आवाजात आशा होती.

"तो शुक्रवारी जाईल. गुळणी करा."

अध्यक्ष बाहेर आले तेव्हा त्यांचे दात स्वच्छ होते आणि चेहरा पाहवत नव्हता. सिस्टर त्यांना जिन्यापर्यंत सोडून आल्या. "साहेब, मनावर घेऊ नका," त्यांनी समजूत काढली. "माझं नर्सिंगचं सर्टिफिकेट मी पहिल्याच दिवशी लॅमिनेट करून घेतलं."

पुढे काही वर्षांनी डॉक्टर मिरजेला परत गेले. त्या दवाखान्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. माझी दाढ अजून जागेवर आहे. रागावलेले अध्यक्षही डॉक्टर असेपर्यंत दुसऱ्या कुणाकडे दात दाखवायला गेले नाहीत. जाणार तरी कुठे? त्यांच्या चार क्राऊनपैकी एकही पडत नव्हता.

पण तो शुक्रवार.

म्हातारा नवा कंदुरा घालून आला होता. बंदूक त्याने कुणाच्याच हातात दिली नाही. मुलगा काळा चष्मा लावून, दोन्ही फोन सांभाळत मागे उभा. काचेची पेटी तयार आहे, वेल्डर उद्या सकाळी येणार आहे, हे त्याने आल्या आल्या सांगून टाकलं. लांबवर लोखंडी पाटी उन्हात चमकत होती. डॉक्टरांनी कडक टाय बांधला होता आणि खिशात एन.सी.सी.चं पदक होतं. बंदूक आपल्याला उडवायला सांगतील, अशी त्यांची मनातून खात्री होती. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पोत्यांमागे बसला, तोंडात बोटं घालून कवळी काढली आणि मुलाच्या हातावर ठेवली.

"माझं काम काढून ठेवलं!" डॉक्टर माझ्या कानात फुत्कारले.

खात्याचे मोठे अधिकारी बापाचे दात तळहातावर घेऊन उभे राहिले. फोन वाजला. कुठल्या हाताने घ्यावा हे त्यांना ठरवता येईना. तो वाजून वाजून बंद झाला.

पहिली गोळी. गडगडाट, ढग, आणि मग काही नाही. पाटी गप्प. डावीकडे, बरंच खाली, वाळूचा फवारा उडाला. मुलाने मान हलवली. मला वाईट वाटलं आणि मी डॉक्टरांकडे पाहिलं, तर डॉक्टर जागेवर नव्हते. ते नळीच्या पुढे धावत सुटले होते.

"रुकिए!" सुभेदारसाहेब गरजले. "रेंज खुली है! पागल हो गए हैं क्या?"

डॉक्टर वाळूत फतकल मारून कपटे वेचत होते. "सुटला!" ते ओरडले. "पूर्ण सुटला! बघा, टोकापासून सुटलाय!"

"निशाना कहाँ लगा, डॉक्टरसाहब?"

"वो आपका डिपार्टमेंट है! मेरा पेपर छूट गया!" आणि तो बुटका माणूस हातात अध्यक्षांच्या सहीचा चुरा घेऊन वाळवंटात नाचला. खरंच नाचला; एक पाय, मग दुसरा, टाय खांद्यावर. सुभेदारसाहेबांनी त्यांना कॉलर धरून परत आणलं. म्हातारा बोळक्या तोंडाने हसत होता, इतका की त्याला बंदूक खाली ठेवावी लागली.

हसणं थांबल्यावर त्याने दुसरी गोळी भरली. या वेळी बराच वेळ नेम धरला. आम्ही सगळे इतके गप्प झालो की डॉक्टरही गप्प झाले. बार उडाला. पांढरा ढग पसरला, काहीच दिसेना, आणि त्या ढगाच्या पलीकडून, जरा उशिरा, देवळातली घंटा कुणीतरी एकदाच वाजवावी तसा आवाज आला.

टण्ण.

म्हाताऱ्याने नळीवर हात ठेवला आणि काढला नाही.

तिसरी गोळी त्याने मुलापुढे धरली. "यल्ला."

"मैं? नो, नो," मुलगा म्हणाला. सरकारी माणूस कायम म्हणतो तेच. मग त्याने हातातले दात पाहिले, ते बापाला परत केले, चष्मा काढला आणि दोन्ही फोन माझ्याकडे दिले. सुभेदारसाहेबांनी त्याचा खांदा दस्त्याला नीट टेकवला. बार झाला तेव्हा धक्क्याने तो मागे कलंडला, डोक्यावरचा रुमाल आणि काळी दोरी वाळूत जाऊन पडली. गोळी पाटीच्या आसपासही गेली नव्हती. तो उठून बसला. इस्त्री संपली होती, नाकाला काजळी लागली होती, आणि तो खांदा चोळत खिदळत होता.

"डॉक्टर! वन मोर!"

"खलास," डॉक्टर म्हणाले.

"व्हॉट खलास? मेक वन!"

"पेपर मा फी."

"पेपर कब आएगा?" हा प्रश्न त्याने इतक्या कळकळीने विचारला की डॉक्टरांनी आणि सुभेदारसाहेबांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या खात्यांची फाइल अखेर माझ्या टेबलावर आली होती. मी म्हणालो, उद्या पुण्याला फोन करतो. इन्शाल्ला म्हणायचं मुद्दाम टाळलं.

मुलाने माझ्याकडून एक फोन घेतला आणि वेल्डरला सांगितलं, येऊ नकोस. मग त्याने बंदूक कापडात गुंडाळली, छातीशी धरून गाडीपर्यंत नेली आणि मागचं दार उघडलं. ती लांब होती. सीटवर तिरकी करून, दस्ता खाली टेकवून त्याने ती बसवली, हलते का ते दोनदा बघितलं, आणि वाकून तिला सीटबेल्ट लावला. शेजारी म्हातारा बसला होता. त्याचा बेल्ट लावायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.